क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' नाणं : निवडायचं कसं, तपासायचं कसं, जपायचं कसं

पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत पियानो वाजवणारा, 'हेक्टिक्स' नावाच्या शाळकरी बँडमध्ये रमलेला फारुख बुलसारा नावाचा पारशी मुलगा पुढे क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी झाला. त्याने लिहिलेलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी आलं आणि ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. सहा मिनिटांना पाचच सेकंद कमी, ध्रुवपद नाही, मध्येच ऑपेरा. रेडिओवर एवढं लांब गाणं कोणी लावणार नाही, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. जानेवारी २०२० मध्ये रॉयल मिंटने, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी टांकसाळीने, क्वीनवर नाणं काढलं, तेव्हा या गाण्याचे सुरुवातीचे सूर त्यावर कोरले गेले. ब्रिटनच्या अधिकृत नाण्यावर एखाद्या ब्रिटिश बँडचा असा गौरव होण्याची ती पहिलीच वेळ होती.

हे नाणं आपल्याकडे अनेकांना हवं असतं. क्वीनचे चाहते आहेत, नाणी जमवणारे आहेत, पारशी वारशाशी संबंधित वस्तू जमवणारेही आहेत. पण बाजारात या एकाच नावाखाली इतक्या गोष्टी विकल्या जातात की नवा माणूस गोंधळून जातो. म्हणून अगदी पहिल्यापासून सांगतो.

नाणं आधी नीट बघा

खरेदीच्या आधी रॉयल मिंटने दिलेलं मोठं छायाचित्र समोर घ्या आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघा. क्रिस फेसी यांनी केलेल्या या रचनेत माणसाचा चेहरा कुठेच नाही. चार वादकांच्या जागी त्यांची वाद्यं आहेत. ब्रायन मे यांनी वडिलांबरोबर घरी बनवलेली 'रेड स्पेशल' गिटार आहे, जॉन डीकन यांची बेस गिटार आहे, रॉजर टेलर यांचा ड्रम आहे आणि फ्रेडीचा तो ओळखीचा अर्ध्या दांड्याचा माइकही आहे. वरच्या बाजूला बेखश्टाइन कंपनीचा ग्रँड पियानो आहे. त्याच्या पट्ट्यांपैकी काही दाबलेल्या दाखवल्या आहेत. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'चे सुरुवातीचे सूर ते हेच.

आता ड्रमच्या तोंडाकडे या. त्यावर क्वीनचं बोधचिन्ह आहे. फ्रेडी कला महाविद्यालयात शिकलेला, त्यामुळे हे चिन्ह त्याने स्वतःच काढलं होतं. चौघांच्या राशी त्यात आहेत : दोघांसाठी दोन सिंह, ब्रायनसाठी खेकडा, कन्या राशीच्या फ्रेडीसाठी दोन पऱ्या आणि सगळ्यांच्या वर पंख पसरलेला फिनिक्स. नाण्यावर हे सगळं डाळीच्या दाण्याएवढ्या जागेत आहे.

या दोन जागा, म्हणजे दाबलेल्या पट्ट्या आणि ड्रमवरचं चिन्ह, मनात पक्क्या ठेवा. कुठलं नाणं घ्यायचं आणि समोर आलेलं नाणं खरं आहे का, हे दोन्ही ठरवताना त्या कामाला येणार आहेत.

दुसऱ्या बाजूला एलिझाबेथ राणीचा जोडी क्लार्क यांनी केलेला चेहरा, २०२० हे साल आणि पौंडातली किंमत आहे. एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला क्वीन! ही जुळणी मला फार आवडते.

कुठला प्रकार घ्यायचा

रचना एकच असली तरी नाणं अनेक धातूंत आणि आकारांत निघालं. मुख्य प्रकार असे.

पाच पौंडांचं 'ब्रिलियंट अनसर्क्युलेटेड' नाणं तांबं आणि निकेलच्या मिश्रधातूचं आहे. व्यास ३८.६१ मिलिमीटर, वजन २८.२८ ग्रॅम. छापील पुठ्ठ्याच्या घडीत बसवलेलं मिळतं. निघालं तेव्हा याची किंमत १३ पौंड होती. घडीवरची चित्रं वेगवेगळी असलेल्या आवृत्त्याही आल्या, आतलं नाणं मात्र तेच.

एक औंस चांदीच्या प्रूफ नाण्यावर किंमत दोन पौंड आहे. शुद्धता ९९९, व्यास पुन्हा ३८.६१ मिलिमीटर. अर्ध्या औंसाच्या प्रूफवर एक पौंड असं आहे आणि ते सुमारे २७ मिलिमीटरचं आहे. सोन्यात पाव औंसाचं २५ पौंडांचं नाणं २२ मिलिमीटरचं आहे, म्हणजे साधारण आपल्या जुन्या एक रुपयाच्या नाण्याहूनही लहान. एक औंसाचं १०० पौंडांचं आहे. शिवाय चांदीची बुलियन, म्हणजे मुख्यतः धातूसाठी घेतली जाणारी, आवृत्तीही निघाली. तिच्यावरही दोन पौंड आहेत, पण तिला प्रूफची झळाळी नसते.

प्रूफ म्हणजे खास घासून चकचकीत केलेल्या ठशाने, खास तयार केलेल्या चकतीवर, एकाहून जास्त वेळा दाब देऊन पाडलेलं नाणं. त्याची मोकळी जागा आरशासारखी आणि चित्र दुधी, खडबडीत दिसतं. पेटी आणि प्रमाणपत्र सोबत येतं. अनसर्क्युलेटेड नाणं नव्या ठशाने काळजीपूर्वक पाडतात, पण आरसा आणि दुधीपणाचा तो फरक त्यात नसतो.

माझं मत विचाराल तर अर्धा औंस चांदी आणि पाव औंस सोनं या दोन्हींच्या वाटेला जाऊ नका. तीच सगळी रचना लहान चकतीवर बसवल्याने पियानोच्या पट्ट्या इतक्या बारीक होतात की भिंगाशिवाय दाबलेली पट्टी कुठली हेच कळत नाही. मग ज्या कारणासाठी हे नाणं घ्यायचं तेच हरवतं. मोठ्या व्यासाची आणि आवाक्यातली नाणी दोनच आहेत : पाच पौंडांचं साधं आणि एक औंस चांदीचं. गाण्यावर प्रेम आहे आणि घरात ठेवायला सुंदर वस्तू हवी आहे, तर साधं पाच पौंडी घ्या. पैसे बाजूला पडलेले असतील तर एक औंस प्रूफ घ्या, कारण काळ्याभोर आरशावर दुधी पट्ट्या ज्या उठून दिसतात तशा साध्या नाण्यात दिसत नाहीत. पाच पौंडी नाण्याच्या फक्त वेगळ्या पुठ्ठ्यासाठी दुप्पट पैसे देणं मला पटत नाही.

नाणं की मेडल?

'फ्रेडी मर्क्युरी गोल्ड कॉइन' असं शोधलंत की दोन-चारशे रुपयांत चमकदार चकत्या दिसतील. त्यावर फ्रेडीचा हात वर केलेला पुतळा असतो आणि वर सोन्याचा पातळ मुलामा. ही नाणी नाहीत, मेडलं आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. नाण्यावर ते काढणाऱ्या देशाचं नाव किंवा राजप्रमुखाचा चेहरा आणि पौंड, डॉलर अशा चलनातली किंमत असावीच लागते. किंमत नसेल तर ते नाणं नव्हे. मेडल आवडलं तर जरूर घ्या, पण नाण्याच्या भावाने घेऊ नका.

काही चकत्यांवर निऊए, कुक बेटं अशा छोट्या देशांचं नाव असतं. ती कायद्याने नाणी असतात, खासगी टांकसाळी त्या देशांच्या परवानगीने ती पाडतात. पण रॉयल मिंटच्या 'म्युझिक लेजंड्स' मालिकेशी त्यांचा संबंध नाही. या मालिकेत क्वीननंतर एल्टन जॉन, डेव्हिड बोवी, द हू, रोलिंग स्टोन्स वगैरेंची नाणी आली. क्वीनचं नाणं विकणाऱ्याने याच मालिकेचं नाव सांगितलं पाहिजे.

आणि हो, पाच पौंडांचं नाणं लंडनच्या दुकानात देऊन पाच पौंडांचा माल मिळेल अशा भ्रमात राहू नका. कायद्याने ते चलन आहे, पण ते व्यवहारात फिरवण्यासाठी पाडलेलं नाही. दुकानदार घेत नाहीत आणि बँकाही बहुधा नाही म्हणतात.

भाव ठरवताना

चांदीच्या नाण्याचा भाव दोन भागांत बघा : आतल्या धातूची किंमत आणि वरचा शौकाचा भाग. एक औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. त्या दिवशीच्या चांदीच्या किलोच्या भावाला ०.०३११ ने गुणा. समजा चांदी किलोला एक लाख आहे, तर नाण्यातली चांदी ३,११० रुपयांची झाली. विकणारा जे जास्त मागतोय ते पेटी, प्रूफचं काम, मर्यादित संख्या आणि क्वीनचं नाव यांचं मोल आहे. ते योग्य वाटलं तर द्या, पण आकडा डोळ्यांसमोर असू द्या. ब्रिटनमध्ये चांदीच्या नाण्याच्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो, विकताना तो परत मिळत नाही.

तांबं-निकेलच्या नाण्यात धातूची किंमत नगण्य आहे. तिथे सगळा भाव मागणीचा. ईबेवर लोकांनी मागितलेल्या किमती बघून हुरळू नका. 'सोल्ड' हा पर्याय निवडा आणि खरोखर विकल्या गेलेल्या किमती बघा. दोन्हींत केवढं अंतर असतं ते पाहून डोळे उघडतात.

'गुंतवणूक म्हणून घ्या, दोन वर्षांत तिप्पट' असं सांगणाऱ्यापासून लांब राहा. प्रसिद्ध गायकांची नाणी चाहते उत्साहाने घेतात, म्हणून सुरुवातीला भाव चढतो. मग ती बऱ्याच घरांतून हळूहळू विकायला निघतात.

मागवायचं कसं

नाणं २०२० चं आहे, त्यामुळे आता बहुतेक वेळा ते दुसऱ्या हातानेच घ्यावं लागतं : ब्रिटनमधले व्यापारी, लिलाव, ईबे, किंवा भारतात आधीच आलेली नाणी. पुण्यात दरवर्षी भरणाऱ्या कॉइनेक्स प्रदर्शनात परदेशी नाण्यांचे व्यापारी बसतात. तिथे नाणं हातात घेऊन बघता येतं आणि पुढच्या भानगडी वाचतात. शक्य असेल तर मी हाच रस्ता सुचवेन.

परदेशातून मागवायचं असेल तर आधी कार्ड तपासा. आपल्याकडच्या बऱ्याच कार्डांवर परदेशी व्यवहार बंद असतात, बँकेच्या ॲपमधून ते चालू करावे लागतात. बँक परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते, तोही हिशोबात धरा.

पाठवणाऱ्याला विचारायचे तीन प्रश्न : भारतात पाठवता का, विमा उतरवून आणि ट्रॅकिंगसह पाठवता का, आणि बाहेरच्या कागदावर खरी किंमत लिहिता का. साध्या, विमा नसलेल्या टपालात नाणी पाठवायला आंतरराष्ट्रीय टपाल नियमांनी मनाई आहे. कोणी 'साध्या पाकिटात टाकतो, स्वस्तात येईल' म्हणालं तर नको म्हणा. 'गिफ्ट लिहून पाठवतो' असं म्हणालं तरीही नको म्हणा. डिसेंबर २०१९ पासून टपाल किंवा कुरिअरने भेट म्हणून करमुक्त सोडवून घेण्याची सवलत राखी आणि जीवरक्षक औषधं यांच्यापुरतीच उरली आहे. नाण्यावर ड्युटी भरावी लागणार हे धरूनच चला. कुरिअर कंपनी केवायसी मागते. टपालाने आलं तर मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात कस्टम्सचे अधिकारी ते बघतात. तुमच्याकडे बिल, ऑर्डरची प्रत आणि पैसे दिल्याचा पुरावा तयार असेल तर काम लवकर होतं.

सोन्या-चांदीच्या आयातीचे नियम आणि दर सरकार वरचेवर बदलतं. म्हणून चांदीचं किंवा सोन्याचं नाणं मागवण्याआधी त्या दिवशीचा नियम कस्टम्स ब्रोकरला किंवा कुरिअर कंपनीला विचारा. तांबं-निकेलचं पाच पौंडी नाणं सोपं पडण्याचं हेही एक कारण आहे.

लंडनला किंवा लेस्टरला कोणी मावशी, काका असतील तर त्यांच्या पत्त्यावर नाणं मागवून येताना आणायला सांगता येतं. पण प्रवाशाला मिळणाऱ्या करमुक्त मर्यादेत दागिन्यांखेरीज कुठल्याही रूपातलं सोनं-चांदी धरत नाहीत. चांदीचं नाणं असेल तर त्यांनी बिलासह विमानतळावर कस्टम्सच्या रेड चॅनेलला जाऊन सांगावं. नातेवाइकांना 'खिशात टाकून आणा' असं सांगून विमानतळावर अडचणीत आणू नका. नाणं हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा, चेक-इन सामानात नको.

खरं आहे का ते तपासणं

पार्सल आलं की उघडतानाच व्हिडिओ घ्या. मग हे करा, आणि याच क्रमाने करा, कारण पहिल्या काही पायऱ्यांना नाणं त्याच्या पारदर्शक डबीतून काढावं लागत नाही.

आधी दहापट भिंग आणि टेबलावरचा एक दिवा घ्या. दिवा समोरून नको, बाजूने आणि खालच्या कोनात धरा म्हणजे उंचसखल भागांच्या सावल्या पडतात. आता पियानोवर या. खऱ्या नाण्यात प्रत्येक पट्टीची कड धारदार असते, दोन पट्ट्यांमधली फट सरळ असते आणि दाबलेल्या पट्ट्या बाजूच्यांपेक्षा वेगळ्या दिसतात. ओतून किंवा दुसऱ्या नाण्यावरून ठसा उचलून केलेल्या नकलेत या कडा वितळल्यासारख्या गोल होतात, फटी भरून येतात. मग ड्रमवरच्या चिन्हाकडे या. सिंहांची आयाळ, खेकड्याचे नांगे, फिनिक्सची पिसं वेगवेगळी सांगता आली पाहिजेत. मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले तर सावध व्हा.

मग अक्षरं आणि किंमत. चांदीचं म्हणून विकलं आहे आणि वर पाच पौंड लिहिलंय, तर विकणारा फसवतोय किंवा त्याला माहीत नाही. पेटी चांदीची आणि आत पाच पौंडी नाणं, असेही प्रकार होतात, कारण दोन्हींचा व्यास एकच आहे.

म्हणूनच पुढची पायरी वजन. इथे नाणं डबीतून काढावं लागेल, तेव्हा अंथरलेल्या मऊ फडक्यावर बसून काढा. नायट्राइलचे हातमोजे घाला आणि फक्त काठाला धरा. सराफाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर एक औंस चांदीचं नाणं ३१.१ ग्रॅमच्या खाली भरता कामा नये, किंचित वर भरलं तर ठीक. पाच पौंडी नाणं २८.२८ च्या आसपास. कॅलिपरने व्यास मोजा. वजन बरोबर आणि जाडी जास्त, असं असेल तर धातू हलका आहे.

चुंबक लावून बघा. चांदी चिकटत नाही, हे तांबं-निकेलही चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, विषय संपला. पण चिकटलं नाही म्हणजे खरंच आहे असं होत नाही. शंका उरलीच तर एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं) यंत्र असलेल्या सराफाकडे किंवा हॉलमार्किंग केंद्रात न्या. नाणं घासून, ॲसिडचा थेंब टाकून तपासू देऊ नका. कसोटीचा एक ओरखडाही प्रूफ नाण्याची संग्राहक म्हणून किंमत घालवतो.

एनजीसी किंवा पीसीजीएस या नाणी तपासून दर्जा देणाऱ्या संस्थांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलं नाणं असेल तर तिच्यावरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर टाका. तिथे छायाचित्र असेल तर त्यातलं नाणं आणि हातातलं नाणं जुळलं पाहिजे. ७० हा सर्वोच्च दर्जा आहे. ६९ आणि ७० मधला फरक उघड्या डोळ्यांना दिसत नाही, भावात मात्र मोठा असतो. गाण्यासाठी नाणं घेणाऱ्याने ६९ वर समाधान मानावं.

जपणं

आपल्या घरांतला नाण्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्वच्छतेची आवड. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी चांदीची भांडी, निरांजन, देव आणि नाणी एकत्र काढायची, पितांबरीने किंवा चिंचेने घासायची, धुवायची, पुसायची ही रीत बहुतेक घरांत आहे. त्या ढिगात हे नाणं गेलं की संपलं. पावडरीचे कण प्रूफच्या आरशावर बारीक वर्तुळाकार ओरखडे काढतात आणि ते पुन्हा कधीच निघत नाहीत. पियानोच्या पट्ट्यांवरचा दुधी थर झिजून चकचकीत होतो, मग पट्टी आणि पार्श्वभूमी एकच दिसू लागते. पूजेत ठेवायचं असेल तर बंद डबीत ठेवा आणि हळद-कुंकू डबीवर वाहा. घरातल्या सगळ्यांना हे आधी सांगून ठेवा, विशेषतः दिवाळीच्या आवराआवरीत मदतीला येणाऱ्यांना.

चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे. रबर बँड, लोकर, साधा पुठ्ठा, नव्या प्लायवुडचं कपाट, डांबराच्या गोळ्या यांच्याजवळ नाणं ठेवू नका. मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर महिन्याला बदला. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पाकिटात नाणं ठेवलं तर काही काळाने त्यावर हिरवट चिकट थर येतो. तसा थर आलाच तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या भांड्यात, न घासता थोडा वेळ बुडवून काढतात. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतो. ॲसिटोन पटकन पेट घेतो, गॅसजवळ वापरू नका. चांदीच्या नाण्यांवर कधीकधी दुधाळ पांढरे ठिपके येतात. ते पाडतानाच्या प्रक्रियेतून येतात असं मानतात आणि त्यावर सोपा उपाय नाही. ते काढायच्या खटपटीत नाणं बिघडवू नका.

डबीवर बोटांचे ठसे उमटले तर डबी पुसा, नाणं नाही. बघायचं मन झालं की डबीतूनच बघा. भिंग आणि बाजूचा दिवा असला की पट्ट्या छान दिसतात.

नोंद आणि विक्री

बिल, कस्टम्सची पावती, प्रमाणपत्र आणि दोन्ही बाजूंचे फोटो एका पाकिटात ठेवा. पाकिटावर कुठला प्रकार, वजन, किती रुपयांना घेतलं आणि कुणाकडून, हे मराठीत लिहा. तुमच्यानंतर घरच्यांच्या हातात ते पडेल तेव्हा सराफाने 'चांदीच्या भावाने देतो' म्हटलं तर त्यांना नाही म्हणता आलं पाहिजे.

विकायचं असेल तर पेटी, प्रमाणपत्र आणि पुठ्ठ्याची घडी यांच्यासह विका. सुटं नाणं खूप कमी भावाला जातं. स्थानिक नाणेसंग्राहक मंडळात विकणं सगळ्यात सुरक्षित. ऑनलाइन कोणी 'तुमचं नाणं लाखात घेतो, आधी कमिशन किंवा टॅक्स भरा' म्हणालं, अगदी रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्र दाखवलं, तरी एक रुपया देऊ नका. जुनी नाणी-नोटा विकण्याच्या नावाखाली चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे. अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही आणि आपण कोणतंही शुल्क घेत नाही, असं बँकेने त्यात म्हटलं आहे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.